जिप्सी, जीप आणि खानदेशी मिस्तरी

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन केला. म्हणाले, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे गॅरेज कुठून काढलंत? प्रश्न रास्त आहे. पण आम्ही खानदेशातले. आमच्या अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तिथे नामवंत पंडित बसून 'वस्तू म्हणजे काय' आणि 'अज्ञान म्हणजे काय' यावर वर्षानुवर्षं खल करत होते. त्याच तालुक्यात जिनिंगचा पट्टा तुटला की तो शिवणारा माणूसही होता. हा दुसरा माणूस आपल्या इतिहासात आलाच नाही. आज बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल, आणि त्यासाठी हाताशी घेतली आहे एक जुनी जपानी गाडी. मारुती जिप्सी. चारही चाकं ओढणारी.

आधी तिची वंशावळ बघू, कारण तिथेच पहिली गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलिस जीप बनवली. युद्ध संपल्यावर तिची पोरं जगभर पसरली. मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली विलिसचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली. जपानमध्ये मित्सुबिशीने १९५३ साली त्याच विलिसचा परवाना घेतला. म्हणजे ज्या उंच बॉनेटच्या जीपने आपल्याकडचे तहसीलदार आणि पुढारी हिंडवले, तिचीच सख्खी बहीण जपानात डोंगर चढत होती. टोयोटानेही १९५१ साली आपली 'बीजे' काढली. 'जीप' हे नाव विलिसचं, ते वापरता येईना, म्हणून १९५४ साली तिचं बारसं 'लँड क्रूझर' असं झालं. सुझुकी या घरात उशिरा आली. होप नावाच्या एका छोट्या जपानी कंपनीने बारकी चार-चाकी-ओढीची गाडी बनवली होती, ती चालली नाही. सुझुकीने तिचे हक्क घेतले आणि १९७० साली पहिली 'जिमनी' काढली. इंजिन केवढं? ३५९ सीसी, टू-स्ट्रोक. जपानी कायद्यात ३६० सीसीपर्यंतच्या गाडीला सवलत होती, म्हणून तेवढंच.

त्याच जिमनीची पुढची पिढी लांब चासी घेऊन आपल्याकडे आली. मारुतीचा सुझुकीशी करार १९८२ चा, आठशे गाडी डिसेंबर १९८३ ची, आणि १९८५ च्या अखेरीस जिप्सी. ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, चार गिअर, पंचेचाळीसच्या आसपास अश्वशक्ती, पुढे-मागे पाटे, खाली शिडीसारखी चासी. वजन साधारण एक टन. बसायला म्हणाल तर बैलगाडी बरी! पण त्या हलकेपणाचं मोल ज्याने पावसाळ्यात काळ्या जमिनीत गाडी घातली आहे त्यालाच कळतं. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि मृगाचा पाऊस झाला की चाकाला लोण्यासारखी लागते. जड जीप तिथे पोटावर बसायची. जिप्सी सरकत सरकत निघून जायची. यावलच्या जंगलात, अनेरच्या काठाने, तोरणमाळच्या वाटेवर वनखातं आणि पोलीस तिला घेऊन हिंडू लागले ते उगाच नव्हे.

आता कुणी म्हणेल, गाडी जपानी, कारखाना गुरगावला, यात खानदेश कुठे आला? खानदेश आला तो गाडी बिघडल्यावर.

धुळे-जळगावच्या माणसाच्या हातात पाना कसा आला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इकडे खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली. भुसावळला रेल्वेचं मोठं ठाणं झालं, वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती तिथे होऊ लागली. पाठोपाठ जिनिंग-प्रेसिंग, गिरण्या. मग विहिरीवर ऑइल इंजिन आलं. आमच्या पिढीने लहानपणी शेतावर 'फट् फट्' ऐकलं ते हेच. केळीला पाणी द्यायचं तर इंजिन बंद पडून चालत नाही. कंपनीचा माणूस पुण्याहून किंवा साताऱ्याहून येईपर्यंत केळी जळून जाईल. म्हणून शेतकऱ्याच्या पोरानेच हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, गॅस्केट कापलं. याला शाळा नव्हती. अहिराणीत त्याचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत आहे: 'व्हई जाई'. होऊन जाईल. ऐकायला बेफिकीर वाटतं, पण मिस्तरी ते म्हणतो तेव्हा त्याने मनात सगळी जुळणी आधीच केलेली असते.

हेच हात पुढे जीपवर चालले. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं आणि पेट्रोल जीप पोसणं कठीण झालं. मग तिच्यातलं मूळ इंजिन काढून डिझेल बसवायची लाटच आली. कुणी मेटाडोरचं बसवलं, कुणी आणखी कशाचं. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळं आहे, ट्रकचे गॅरेजवाले, लेथवाले, पाटे बांधणारे, बॉडी बांधणारे सगळे एका हाकेवर. इंजिनाचे पाय कापून दुसरे वेल्ड करायचे, गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट लेथवर फिरवून घ्यायची. त्यातल्या पुष्कळ जीपा पुढे काळी-पिवळी म्हणून खेड्यापाड्यांतून तालुक्याला माणसं वाहू लागल्या. पाठीमागे पाटा वाढवायचा, बाकडी लावायची, पंधरा-वीस माणसं. एसटी न पोचणाऱ्या गावांना या गाड्यांनी दवाखाना आणि बाजार दाखवला, हे खरं. त्याच गाड्या घाटात उलटल्या आणि माणसं गेली, हेही तितकंच खरं. दुसरं वाक्य गाळून पहिलं सांगणारे आम्हाला आवडत नाहीत.

जिप्सीचं दुखणं वेगळं होतं. तिचे भाग मिळत, पण महाग, आणि जुन्या गाडीचे मिळेनासे होत गेले. १९९६ साली १२९८ सीसीची 'जिप्सी किंग' आली, तेव्हा आधीच्या हजार सीसीच्या गाड्या एकदम म्हाताऱ्या ठरल्या. लोकांनी मग एस्टीमचं इंजिन बघितलं. एकाच घराण्यातलं, तेराशेचंच. अपघातात गेलेल्या एस्टीमचं इंजिन भंगारातून यायचं आणि जिप्सीत बसायचं.

आमच्याकडची जिप्सी एका सरकारी खात्याच्या लिलावातली, १९८८ ची. आम्ही तिघे निवृत्त आणि एक मिस्तरी, जळगावात घराच्या अंगणात हे काम चालतं. मिस्तरी धुळ्याचे, वयाने आमच्याहून थोडे लहान, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो; ते आम्हाला सर म्हणतात आणि अजिबात ऐकत नाहीत. गाडी साठच्या पुढे गेली की स्टेअरिंग असं थरथरायचं की दात वाजावेत. एका गॅरेजात टायर बदलायला सांगितलं, दुसऱ्यात स्टेअरिंगचा डबा. भाऊंनी पुढचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं आणि म्हणाले, किंगपिन. पुढच्या आसाच्या टोकाला जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या वर-खाली दोन बेअरिंगं असतात आणि त्यांवर चाक वळतं. ती झिजली की चाक स्वतःच नाचू लागतं. बेअरिंगं नवी टाकून भागत नाही. ती किती आवळायची हे पातळ पत्र्याच्या चकत्या घालून-काढून ठरवायचं असतं. कंपनीच्या पुस्तकात त्यासाठी स्प्रिंग काटा लावून ओढायला सांगितलं आहे. भाऊंनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. त्यांनी शेजारच्या किराणा दुकानातून मालाचा स्प्रिंग काटा आणला, आकडा अडकवला आणि ओढून बघितलं. आम्ही थक्क झालो. पुस्तक लिहिणाऱ्या जपानी इंजिनिअरला आणि यांना एकच गोष्ट सुचली होती.

त्या गोळ्याच्या मागे रबर सील आणि नमद्याची कडी असते. ती फाटली की आतल्या ग्रीसमध्ये चिखल जातो आणि सांधा खाऊन टाकतो. रबर सील मिळालं, नमदा मिळाला नाही. तो जुन्या खोगिराखालच्या नमद्यातून कात्रीने कापून तेलात भिजवून बसवला. दोन पावसाळे झाले, ग्रीस स्वच्छ आहे.

आता बघा, हे काय झालं? दुरुस्ती की बदल? आमच्या विषयात हा प्रश्न जुना आहे. 'मिलिंदपन्हा'त नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? यांतलं काहीच रथ नाही, आणि यांच्यावेगळाही रथ नाही. रथ हे एक व्यवहाराचं नाव. नैयायिक-वैशेषिकांना हे पटत नाही. ते म्हणतात, अवयवांहून वेगळा अवयवी खराच असतो. पण मग वस्त्राचा एक धागा काढला की जुनं वस्त्र संपलं आणि नवं जन्मलं, असं त्यांना मानावं लागतं. त्या हिशेबाने आमच्या अंगणात दर रविवारी नवी जिप्सी जन्माला येते! ग्रीकांच्या थीसिअसच्या जहाजाचीही हीच कथा. इंग्लंडात हॉब्जने त्यावर कडी केली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून पुन्हा जहाज जोडलं, तर खरं कोणतं? भंगार बाजारात हा प्रश्न काल्पनिक राहत नाही.

सरकारने त्याचं उत्तर चासी नंबरात ठेवलं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. आपण त्याला पासिंग म्हणतो. बावन्नावं कलम बदलांविषयी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही. इंजिन त्याच जातीचं बदलायचं असेल तर परवानगी घेऊन नोंद करता येते. म्हणजे कायद्याच्या लेखी गाडीचा स्वभाव कारखान्यात कायमचा ठरतो.

आम्हाला यातलं अर्धं पटतं. पाटे आसाच्या वर चढवून गाडी हातभर उंच करायची, मोठी टायरं घालायची आणि ब्रेक तेच जुने ठेवायचे, हा हल्लीच्या तरुणांचा शौक आम्हाला मान्य नाही. रस्त्यावर समोरून येणाऱ्याचाही जीव असतो. काळ्या-पिवळ्यांनी ते शिकवलं आहे. पण जो भाग कारखाना पुरवतच नाही, तो लेथवर करून घेणाऱ्याला आणि शौकाने गाडी कापणाऱ्याला एकाच मापाने मोजायचं, हे बरोबर नाही. पहिला माणूस गाडी मूळ स्वभावात ठेवण्यासाठीच धडपडतो. २०१९ साली जिप्सी बंद झाली. तिचा स्वभाव आता कारखान्यात कमी आणि अशा हातांत जास्त उरला आहे.

आणि त्या हातांची नोंद कुठे आहे? राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यावरचे कागद गोळा करत होते. ते धुळ्यात वारले आणि १९२७ साली तिथेच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ निघालं. ती दप्तरं आजही तिथे आहेत. गॅरेजचं दप्तर म्हणजे भिंतीवर खडूने लिहिलेली मापं, तेलकट वहीतल्या उधाऱ्या, सिगारेटच्या पाकिटावर काढलेली प्लेटची आकृती. भिंतीला रंग दिला की इतिहास गेला. भाऊंचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, चांगलं करतो. त्याने पाना धरावा असं भाऊंनाही वाटत नाही, आणि तसं सांगायचा आम्हाला अधिकार नाही.

म्हणून आम्ही तिघांनी दिवाळीपासून एक वही घातली आहे. भाऊ काम करतात, आमच्यातला एक विचारतो, एक लिहितो. काट्यावर किती भरलं, कुठल्या बाजूला किती चकत्या गेल्या, मधल्या डब्याचा रबरी पाय फाटल्यावर आवाज कसा येतो. आवाज लिहिणं फार अवघड आहे. भाऊ तोंडाने करून दाखवतात, आम्ही 'घूंऽऽ' असं लिहितो, ते वाचून बघतात आणि म्हणतात, नाही सर, याच्याहून जाड. बत्तीस पानं झाली आहेत. मधला डबा अजून उघडायचा आहे.