नीरेच्या काठचे मीठ

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनचे पठार होरपळून निघाले. त्यानंतर सरकारने हाती घेतलेल्या कामांपैकी एक मोठे काम म्हणजे नीरा डावा कालवा. १८८५ च्या सुमारास पुरंदर, बारामती, इंदापूर या भागात त्याचे पाणी खेळू लागले. पुढे काही वर्षांत भाटघर धरणाचा साठाही त्याच्या पाठीशी आला. कालव्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा इथेच थांबतो. पण पुढच्या पंचवीस वर्षांतच या कालव्याखालच्या काही शेतांत पांढरे मीठ फुटले होते, आणि खरी शिकण्याजोगी गोष्ट तिथून सुरू होते.

कालवा काढला तो ज्वारी-बाजरीला दुष्काळात आधार म्हणून. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला शेतकरी कालव्याचे पाणी घेईना. काळी जमीन ओल धरून ठेवते, मग पाणीपट्टी कशाला भरायची? सरकारला तर खर्च वसूल करायचा होता. बारमाही पाणी घेणारे आणि चांगली पट्टी भरणारे पीक म्हणजे ऊस. पट्टी आकारली जाई ती पिकाच्या एकरांवर, पाण्याच्या मापावर नव्हे. एकदा पट्टी भरली की पाणी राखून वापरण्याचे काही कारणच उरत नसे. शेतकऱ्याला अडाणी म्हणण्यापूर्वी हा हिशेब आपण पाहायला हवा.

उसाला दिलेले जादा पाणी आणि कालव्यातून झिरपणारे पाणी काळ्या मातीखालच्या मुरमात उतरले व उताराने सखल भागाकडे सरकले. तिथल्या विहिरींची पातळी वर आली. भूजल जमिनीच्या पृष्ठभागापासून चार-पाच फुटांवर आले की ते केशाकर्षणाने मातीतून वर चढू लागते. वर आलेले पाणी उन्हात उडून जाते, त्यात विरघळलेले क्षार मात्र मागे राहतात. वर्गात हे सहज दाखवता येते. ताटलीत मिठाचे पाणी घेऊन त्यात कोरडी भाजकी वीट उभी करा आणि ताटली उन्हात ठेवा. पाणी कमी होईल तसे भरत राहा. काही दिवसांत विटेच्या वरच्या अंगावर पांढरा थर दिसेल. विटेवर वरून कोणीच मीठ टाकलेले नसते!

यात एक अन्याय दडलेला आहे. जादा पाणी दिले वरच्या शेतात आणि मीठ फुटले खालच्या शेतात. ज्याने कालव्याचे थेंबभर पाणी घेतले नाही, त्याचीही जमीन अशी पडीक होऊ शकते.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे या सहकाऱ्यासह या जमिनींचा अभ्यास केला. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरची त्यांची पुस्तिका १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने छापली. चढलेले भूजल हे दुखण्याचे मूळ, म्हणून चर खणून ते उतरवायचे आणि वरून पाणी देऊन क्षार धुऊन काढायचे, अशी उपायांची दिशा ठरत गेली. १९१६ साली मुंबई सरकारने सिंचनाच्या अशा प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली वाढलेला तो विभाग म्हणजेच आजचे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. धरणांच्या प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध असलेल्या या संस्थेचा उगम शेतातल्या पाणथळीशी जोडलेला आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

सगळ्या जमिनी नुसत्या धुऊन सुधारत नाहीत. क्षारांत सोडियम जास्त असेल तर तो चिकणमातीच्या कणांवरच्या कॅल्शियमची जागा घेतो. मग ओल्या मातीचे कण फुगतात, सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. हीच चोपण जमीन. इथे आधी जिप्सम घालून कॅल्शियम परत द्यावा लागतो, धुणे त्यानंतर.

आता थोडे गणित. समजा, कालव्याच्या एक लिटर पाण्यात ०.२ ग्रॅम क्षार आहेत. हे पाणी पिण्याससुद्धा चांगले. उसाला वर्षाला दोन मीटर खोलीइतके पाणी दिले तर हेक्टरी दोन कोटी लिटर होते, आणि त्याबरोबर चार टन क्षार शेतात येतात! पीक त्यातले थोडेच उचलते. बाकीचे एकतर मातीत राहणार, नाहीतर चरातून ओढ्यात, ओढ्यातून नीरेत आणि नरसिंगपूरच्या संगमावर भीमेत जाणार. चराने शेत बरे होते, पण खालच्या गावाच्या पाण्यात ते मीठ उतरते.

मान यांच्या काळी नसलेली एक भर पुढे रासायनिक खतांनी घातली. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋण भारच असतो. त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. पिकाने न घेतलेले नायट्रेट पाण्याबरोबर विहिरीत उतरते. विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटते, हे अमेरिकेतील आयोवाचे डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली दाखवून दिले. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते.

अलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप पुरले आहेत. एकट्याने हे जमत नाही, कारण पाइप शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागतो. जवळपास असे काम झाले असेल तर उन्हाळ्यात मुलांना घेऊन जरूर जा. कालव्याचे, विहिरीचे आणि पाइपातून पडणारे पाणी गाळून, प्रत्येकी एक कप, तीन सारख्या बश्यांत उन्हात ठेवा. पाणी उडाल्यावर तिन्ही बश्यांच्या तळाशी उरलेले पांढरे थर मुलांना शेजारी शेजारी ठेवून पाहू द्या.