सायकलवरचा कर्णा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गावात काही जाहीर करायचे झाले, तर पूर्वी दवंडी पिटत. हलगी कडाडली की माणसे दारात येत आणि दवंडीवाल्याचा गळा जितका खणखणीत, तितकी बातमी लांब जाई. पुढे गळ्याच्या मदतीला विजेचा कर्णा आला. तो आधी व्यासपीठावर बसला, मग टांग्यात आणि मोटारीत चढला, आणि बऱ्याच उशिरा सायकलवर आला. सायकल तर कर्ण्याच्या आधीपासून होती. मग त्याला सायकलपर्यंत यायला इतकी वर्षे का लागली?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ मध्ये विजेवर चालणाऱ्या कर्ण्याचे जाहीर प्रयोग केले. त्यांनी त्याला नाव दिले ‘मॅग्नाव्हॉक्स’, म्हणजे लॅटिन भाषेत ‘मोठा आवाज’. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सॅन दिएगो येथे या यंत्रातून हजारोंच्या सभेपुढे भाषण केले. आपल्याकडे मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’चे ध्वनिक्षेपक स्वातंत्र्य चळवळीच्या सभांमधून ऐकू येऊ लागले. ज्याच्याकडे कर्णा, त्याची सभा मोठी, असे दिवस होते ते.

पण हा कर्णा एकटा नसे. त्याच्यामागे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर लागे, आणि ॲम्प्लिफायर म्हणजे तेव्हा काचेचे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय काम करत नाही. ‘ईएल ८४’ हा प्रसिद्ध व्हॉल्व्ह घ्या. त्याची नुसती तार तापवायला पावणेपाच वॅट वीज लागते. सायकलच्या दिव्याचा डायनामो देतो तीन वॅट! म्हणजे कितीही पायडल मारले तरी एक व्हॉल्व्हसुद्धा धड तापायचा नाही, आवाज तर दूरच. शिवाय व्हॉल्व्हला अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब हवा. बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टांतून तो मिळवायला आणखी एक खोके. सगळ्यांच्या पोटासाठी मोटारीची अवजड बॅटरी. असा संसार टांग्यात मावे, सायकलच्या कॅरिअरवर नव्हे. म्हणून तमाशाची किंवा तंबूतल्या सिनेमाची जाहिरात टांग्यातून फिरे.

१९४७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि हे चित्र पालटले. आपण ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओच समजतो; पण तो खरा रेडिओच्या पोटातला वाटाण्याएवढा तुकडा. त्याला तापवावे लागत नाही आणि बारा व्होल्टही पुरतात. पुढे असे अनेक ट्रान्झिस्टर एकाच चिपमध्ये बसू लागले.

त्या काळात मी तालुक्याच्या गावी रेडिओदुरुस्ती करत असे. १९९५ मध्ये देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. डोसाची तारीख वाडीवस्तीवर कळवायची होती, आणि आमच्याकडच्या कित्येक वाड्यांवर जीप जात नव्हती. सायकल मात्र जाई. तेव्हा सायकलसाठी एक संच बांधायचे मी मनावर घेतले.

सामान अगदी साधे. मोटारीच्या टेपमध्ये असते ती ‘टीडीए २००३’ चिप, संगणकाच्या यूपीएसमध्ये असते ती बारा व्होल्टची बंदिस्त बॅटरी, आणि एक लहान कर्णा. बॅटरीचे वजन अडीच किलोच्या आतबाहेर. ती कॅरिअरवर ठेवली की सायकल डुलते, म्हणून मधल्या त्रिकोणात, खालच्या बाजूला बांधली. धक्के बसू नयेत म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज घातला. तार घासून उघडी पडली तर आग लागायला नको. कर्णा हँडलवर, तोंड पुढे. माइक त्याच्यासमोर आला की शिट्टी वाजते, म्हणून बोलणाऱ्याने कर्ण्याच्या मागेच उभे राहायचे.

या जोडणीतून आवाजाची ताकद मिळत होती जेमतेम दीड वॅट. तेवढ्यावर वाडी कशी जागी होणार, असे सगळे विचारत. उत्तर कर्ण्याच्या आकारात आहे. साध्या कागदी स्पीकरला दिलेल्या विजेपैकी एखादा टक्काच आवाज बनतो, बाकीची उष्णता होऊन जाते. कर्ण्यात हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते आणि आवाज एकाच दिशेला जातो. त्यामुळे दिवसभर फिरूनही बॅटरीत दम शिल्लक राही.

त्यानंतरची प्रगती झपाट्याची. आद्य त्रिपाठी यांनी अमेरिकेत स्थापन केलेल्या ‘ट्रायपाथ’ कंपनीने १९९८ च्या सुमारास ‘टीए २०२०’ ही चिप आणली. वीज सतत वाहू देण्याऐवजी ती अतिशय वेगाने चालू-बंद करायची, ही अशा चिपची युक्ती. त्यामुळे फार थोडी वीज उष्णतेत वाया जाते. ती कंपनी पुढे बुडाली, पण ही पद्धत सर्वत्र रुळली. १९९१ मध्ये बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी हळूहळू स्वस्त झाली. थोडक्यात, कर्णा सायकलवर आला तो मोठा होऊन नव्हे, तर विजेची उधळपट्टी कमी करून.

आज भाजीवाला, भंगारवाला आपली आरोळी एकदाच ध्वनिमुद्रित करतो आणि सायकलवरचा चिमुकला कर्णा ती दिवसभर घोकतो. उन्हातान्हात ओरडून ज्याचा घसा बसे, त्याला मिळालेला हा विसावा आहे, हे नाक मुरडण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. एके काळी पुढाऱ्याकडे आणि थिएटरमालकाकडे असलेली वस्तू आता त्याच्या हँडलवर आहे.

मात्र ऐकणाऱ्याचाही काही हक्क असतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी घातली. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. नियम हवेतच, पण मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पोलिओच्या वेळी आमचे कार्यकर्ते पाराजवळ सायकल उभी करत, दोनदा सांगत आणि मग माइक बंद करून थांबत. कारण एखादी आई हमखास विचारी, “पोराला ताप आहे, आणू का?” ते उत्तर कर्ण्याला देता येत नसे, ते माणसानेच द्यायचे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामागे असे हजारो प्रश्न आणि त्यांची शांतपणे दिलेली उत्तरे आहेत. आपला आवाज लांब न्यायला आता काही ग्रॅमची चिप पुरते. समोरच्याचे ऐकायला मात्र अजूनही सायकल थांबवावीच लागते.