मोडलेल्या पायाला आधी आधार



मागच्या सुगीत आमच्या गटातल्या एक काकू ट्रॉलीवरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. आम्ही चौघांनी त्यांना हातापायाला धरून उचललं, जीपमध्ये कसंबसं कोंबलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "पाय न बांधता आणलंत?" काकू वाचल्या, पण रक्त चढवावं लागलं. तो प्रश्न माझ्या मनातून जाईना, म्हणून मी या विषयावर वाचायला घेतलं. त्यात सापडलेली ही गोष्ट.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात ह्यू ओवेन थॉमस नावाचे डॉक्टर होते. जन्म १८३४ चा. घराणं वेल्समधलं, पिढीजात हाडं बसवणारं, आपल्याकडच्या हाडवैद्यांसारखंच. वडील हेच काम करत. पदवी नाही म्हणून डॉक्टर मंडळींनी त्यांना कोर्टात खेचलं होतं. मुलाला मात्र त्यांनी रीतसर डॉक्टर केलं. ह्यू थॉमस यांचं सांगणं एकच होतं : दुखावलेल्या हाडाला, सांध्याला पूर्ण विसावा द्या आणि भरपूर दिवस द्या. त्यासाठी त्यांनी एक साधी चौकट केली. मांडीच्या मुळाशी बसणारं, गादी लावलेलं लोखंडी कडं आणि पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली जाणाऱ्या सळ्या. मुळात ती गुडघ्याच्या क्षयासाठी होती. १८९१ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या पद्धतीला फारसा मान नव्हता.

पुढे १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. गोळी लागून मांडीचं हाड मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने दगावत होते. मांडीचे स्नायू फार ताकदीचे. हाड मोडलं की ते तुकड्यांना ओढतात, टोकं मांसात आणि रक्तवाहिन्यांत घुसतात. आतल्या आत लिटरभर किंवा जास्तही रक्त जाऊ शकतं. अशा पायाला आधार न देता हलवलं, की प्रत्येक हिसक्याला जखम वाढते.

थॉमस यांचे भाचे रॉबर्ट जोन्स हेही हाडांचे डॉक्टर. मामांची चौकट सैन्यात वापरावी, असा त्यांनी आग्रह धरला. जखमींना उचलून आणणारे सैनिक डोळ्यांना पट्टी बांधून ती लावायचा सराव करत, म्हणजे अंधारातही हात चुकू नये. बूट, विजार न काढता ती जागेवरच लावायची. पूर्वी अशा जखमींपैकी शंभरात ऐंशी जण मरत, असं सांगितलं जातं. १९१७ च्या आरासच्या लढाईत ते प्रमाण सोळाच्या आसपास आलं. शस्त्रक्रियाही लवकर होऊ लागल्या होत्या. पण दवाखान्यापर्यंत माणूस जिवंत पोचला, तो आधारामुळे. आणि तो आधार देणारे डॉक्टर नव्हते, साधी माणसं होती.

मग आपण काय करायचं? पाय आखूड दिसतो, बाहेर वळतो, मांडी फुगते, उभं राहता येत नाही, तर हाड मोडलंय असंच धरा. घरातली म्हातारी माणसं पडली तर खुब्याची शंका आधी घ्या. ओढू नका, चोळू नका, सांधा बसवायला जाऊ नका. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल, तर दोन्ही पायांमध्ये घडी केलेली चादर ठेवून दुखरा पाय चांगल्या पायाला रुंद पट्ट्यांनी बांधा. मोडल्या जागेवर गाठ नको. बोटं थंड, निळी, बधिर झाली तर पट्टी सैल करा. सूज यायच्या आत जोडवी काढा. हात मोडला असेल तर बांगड्या काढा. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ कापडाने झाका. खायला-प्यायला देऊ नका, कदाचित भूल द्यावी लागेल. मान किंवा पाठ दुखत असेल, तर जागेवर धोका नसताना हलवूच नका.

काकू आता काठी घेऊन बैठकीला येतात. आमच्या गटाच्या पेटीशेजारी जुन्या साड्यांच्या रुंद पट्ट्या घडी घालून ठेवल्या आहेत. गेल्या बैठकीत त्या बांधायचा सराव आम्ही काकूंच्याच पायावर, त्यांच्या चांगल्या पायावर, केला. तुमच्याही गटात करा.