वंशावळ कोणाची?

वंशावळ हा शब्द आजवर देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यातला होता. ज्यांना वतन राखायचे होते त्यांनी खापरपणजोबापर्यंतची नावे कागदावर जपली. आमच्या घरात मात्र आजोबाच्या पलीकडे अंधार. आज शासनानेच हा शब्द आमच्या दारात आणून ठेवला आहे. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडे 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, तर विमुक्त-भटक्यांच्या मुलाकडे 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात; सोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. ज्यांना लिहू दिले नाही, त्यांनाच लेखी पूर्वज विचारले जातात.

इंटरनेटवर कुलशोधाच्या मार्गदर्शिका फुकट मिळतात. अमेरिकेतील फॅमिलीसर्च या संस्थेची मार्गदर्शिका त्यांपैकी मोठी. तिची पहिली शिकवण खरी आहे : घरातल्या वृद्धांना आधी विचारा, मग कागदाकडे वळा. पण पुढची पायरी इथे अडखळते. इंग्लंडमध्ये जुन्या खानेसुमारीत घरोघरची नावे वाचता येतात. आपल्याकडे 1872 पासूनच्या खानेसुमारीचे आकडे उरले, माणसांची नावे उरली नाहीत. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचेही तेच. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते 1947 साली. ज्याला पायरीपलीकडे जाऊ दिले नाही, त्याचे नाव वहीत कोण लिहिणार?

म्हणून आमचा शोध आमच्या वाटेने व्हायला हवा. वाट बंद नाही. गाव नमुना 14 आणि कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद जातीसह होत असे. गावात वर्दी द्यायला धावणारा बहुधा महार, लिहिणारा दुसरा. त्या दुसऱ्याच्या अक्षरात आमचे पणजोबा पडून आहेत. तिथे आजचे आडनाव शोधू नका. नुसते नाव, बापाचे नाव, जात आणि नावाला जोडलेला 'नाक' एवढेच असेल. 1874 च्या वतन कायद्याने महारांना हलक्या वतनाच्या चाकरीत बांधले. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई कौन्सिलात मांडले. ते जोखड 1958 च्या कायद्याने गेले, पण त्या गुलामीचे कागद आज वारसाची साक्ष देतात. 2023 साली कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरे जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली गेली. त्याच पानांवर आमच्याही ओळी आहेत. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावरील जुने फेरफार, महायुद्धात पडलेल्या सैनिकांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची विनामूल्य सूची, हेही पाहावे. 111 वी महार पलटण 1917 साली उभी राहिली आणि 1921 साली मोडली गेली, हे ध्यानात ठेवून पाहावे.

सोलापुरात या शोधाला वेगळी धार येते. 1876-77 च्या दुष्काळाने खेडी उठली. 1877 साली इथली जुनी मिल सुरू झाली आणि गावकुसाबाहेरची माणसे शहरात आली. त्यांचा माग गावात तुटला तरी गिरणीच्या जुन्या कागदात लागू शकतो. पुढे याच शहरात गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणाची सेटलमेंट वसली. तिथल्या माणसांना हजेरी होती, नाव रजिस्टरात होते, 1911 च्या कायद्याने बोटांचे ठसेही घेता येत. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला. ज्या रजिस्टराने आजोबाला जन्मतः गुन्हेगार ठरवले, तेच आज नातवाच्या शिष्यवृत्तीचा पुरावा ठरते. हा कागद हातात घेताना नातवाचा हात थरथरला, तर ते समजून घ्यावे.

आणि आजी? कागदात ती बहुधा 'अमुकची बायको' एवढीच. तिला शोधायचे तर माहेरचे गाव विचारावे, तिच्या ओव्या ऐकाव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी मिळविलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांपैकी कित्येक आज 'परी'च्या संकेतस्थळावर उघड्या आहेत. त्यांत दलित स्त्रियांनी रचलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत.

आम्हाला वंशाची शुद्धता सिद्ध करायची नाही. तो खेळ मनूचा. आम्हाला इतकेच सिद्ध करायचे आहे की आम्ही होतो, राबलो आणि आमची नावे होती. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी या उन्हाळ्यात दोन कामे करावीत : मोडी शिकावी, आणि वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसावे. दप्तर थांबेल. तो माणूस थांबणार नाही.