मालवणचं पोवळं आणि मुक्ताईनगरचा वाघ

सुट्ट्या लागल्या की आमच्या जळगाव-धुळ्याकडून गाड्या भरून लोक मालवणला जातात. स्कुबा करतात, रंगीत माशांचे फोटो स्टेटसला लावतात. भाऊ, त्या रंगांमागे मोठा इतिहास आहे.

पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो. खाली सगळं निळं-हिरवं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर लुई बुताँने १८९३ मध्ये पाण्याखाली फोटो काढले, पण कृष्णधवल. रंगीत फोटोला १९२६ उजाडलं. फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून पाण्यात उजेड पाडला. त्या पुडीने लाँगली चांगलाच भाजला.

आज तोच रंग हातातल्या कॅमेऱ्यात सहज येतो, म्हणून त्याची किंमत वाटत नाही. मालवणला १९८७ मध्येच सागरी अभयारण्य जाहीर झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ, म्हणजे आपलं पोवळं, वाघाच्याच पहिल्या परिशिष्टात आहे. तरी फोटोसाठी त्यावर पाय ठेवायचा?

मुक्ताईनगरच्या केळीपट्ट्यातल्या वाघासाठी आपण बोलतो ना? मग माझं म्हणणं एवढंच, नियम दोघांना एकच: लांबून बघा, फोटो काढा, हात लावू नका.