काडी मोडली की चष्मा का टाकतो?

जबलपूरच्या गोहलपूरमधून बोलतोय. मागचे काही भाग आपण तोफांवर बोललो. आजचा विषय चष्मा आहे, पण तिथे जायचा रस्ता तोफेवरूनच जातो.

आमच्या शहरात १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. कॅरेज म्हणजे तोफेचा गाडा. लढाईत गाड्याचं चाक मोडलं, तर शेजारच्या निकामी गाड्याचं चाक काढून तिथे बसलं पाहिजे. कानशीने घासत बसायला वेळ नसतो. हा विचार पक्का केला फ्रान्सच्या ग्रिबोव्हाल या सेनापतीने. १७६५ पासून त्याने फ्रेंच तोफखान्याची मापं ठरवून टाकली. पुढे ऑनोरे ब्लाँ या कारागिराने तेच बंदुकीत आणलं. १७८५ मध्ये त्याने थॉमस जेफरसनसमोर पन्नास बंदुकांच्या खटक्यांचे सुटे भाग ठेवले. जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः खटके जोडले, आणि ते जुळले. फौजेत सगळी नोकरी मी याच तत्त्वावर काढली: भाग बदला, वस्तू वाचवा.

आता चष्मा घ्या. तो बंदुकीच्या खटक्यापेक्षा कितीतरी साधा. दोन भिंगं, एक फ्रेम, दोन काड्या, दोन बिजागऱ्या. तरी एक काडी मोडली की दुकानदार म्हणतो, "साहेब, नवीनच घ्या." असं का व्हावं?

इतिहास थोडक्यात सांगतो. चष्मा १३व्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघाला. १३०६ साली फ्लॉरेन्समधल्या एका प्रवचनात जोर्दानो नावाच्या धर्मगुरूने सांगितलं, की ही कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. आपल्याकडचा शोध पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. १६व्या शतकाच्या सुरुवातीला विजयनगरचे व्यासराय स्वामी चष्मा लावून पोथी वाचत, असा उल्लेख त्यांनी दाखवून दिला. आणि आपल्या भाषेत तर वयाचाच शब्द झालाय. चाळिशीला लागते ती चाळशी!

सुरुवातीची भिंगं गोल होती, आणि गोल भिंगाचा एक मोठा गुण आहे. साध्या नंबराचं गोल भिंग खाचेत कसंही फिरलं तरी नजरेत फरक पडत नाही. फ्रेमचं माप तेच असेल, तर एकाचं भिंग दुसऱ्यात चालेल. मग घोडं अडलं कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं, सिलिंडर नंबर. १८२५ च्या सुमाराला जॉर्ज एअरी या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्याच डाव्या डोळ्याचा दोष मोजला आणि त्यासाठी खास भिंग घडवून घेतलं. या भिंगाला दिशा असते. ते जरा फिरलं तर दिसणं बिघडतं. दुसरं, दोन बाहुल्यांमधलं अंतर. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर हवा, आणि हे अंतर माणसागणिक वेगळं. तिसरं कारण मात्र डोळ्याचं नाही, बाजाराचं आहे. चौकोनी, बदामी, मांजरडोळी, दरवर्षी नवी फॅशन. भिंग त्या फ्रेमच्या आकारात कापलं की ते तिचंच झालं. बिजागरीचंही तसंच, प्रत्येकाची वेगळी.

यावर कोणी म्हणेल, पहिली दोन कारणं शास्त्राची आहेत, तिथे इलाज नाही. इलाज आहे, आणि तो तुम्ही स्वतः नाकावर घातलाय. डोळे तपासताना जी अवजड गोल फ्रेम लावतात ती आठवा. तिच्यात डॉक्टर एकामागून एक भिंगं घालतात, काढतात. सिलिंडरच्या भिंगावर खूण असते, फ्रेमवर अंशांचे आकडे असतात. बाहुल्यांचं अंतर जुळवायला स्क्रू असतो. सगळे भाग बदलता येतील असा चष्मा पेटीत तयारच आहे. फक्त तो घालून कोणी बाजारात जाणार नाही!

हेच तत्त्व रोजच्या वापरात आणायचा एक प्रयत्न जर्मनीत एरलांगेनच्या मार्टिन आउफमुथ या शिक्षकाने केला. २०१२ मध्ये त्याने त्यासाठी संस्था काढली. स्प्रिंगच्या पोलादी तारेची फ्रेम, ती वाकवायचं बिनविजेचं हातयंत्र, ते सगळं एका लाकडी पेटीत. भिंगं आधीच एका आकारात कापलेली, हाताने दाबून बसवायची. सामानाचा खर्च सुमारे एक डॉलर. गावातला माणूस शिकून घेतो आणि तिथेच चष्मा करून देतो. तपासणीच्या फ्रेमसारखी सिलिंडरची सोय त्याच्या मूळ रचनेत नव्हती. पण चाळशीवाल्याला बहुधा साधा नंबरच लागतो.

याचं मोल किती, ते आसामात मोजलं गेलंय. चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचा चष्मा आधी दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मेवाल्यांची पानतोडणी दुसऱ्या गटापेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. जबलपूर हे विडीचं जुनं केंद्र. चाळिशी उलटलेली बाई पान कापते, तंबाखू भरते, दोरा बांधते, ते सगळं हातभर अंतरावरचं काम. तिच्या चष्म्याची काडी मोडली की मजुरी मोडते. म्हणून काडीला दोरा बांधून, चिकटपट्टी लावून ती तो चष्मा चालवते. सुट्या भागाची खरी गरज तिला आहे.

तुमच्यासाठी एक काम. चष्मा काढा आणि काडीच्या आतल्या बाजूला पाहा. ५२, १८, १४० असे आकडे बहुधा असतील. भिंगाची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. म्हणजे मापं ठरली आहेत, राहिलाय तो आकार आणि बिजागरी. पुढची फ्रेम घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: याची सुटी काडी मिळेल का? दोनशे गिऱ्हाइकांनी विचारलं, तर तो पुढे कंपनीला विचारेल.

तोफखान्यात हे हुकुमाने झालं. चष्म्याच्या बाबतीत हुकूम गिऱ्हाइकानेच द्यायचा आहे. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.