शेणखतातील अन्नद्रव्यांचे व्यवस्थापन

शेणखतातील अन्नद्रव्यांचे व्यवस्थापन : गोठ्यातले शेण व मूत गोळा करणे, ते साठवणे आणि योग्य वेळी, योग्य मापाने पिकाला देणे. नत्र, स्फुरद व पालाश पिकाला मिळावेत, हवेत किंवा पाण्यात जाऊ नयेत, हा त्यामागचा उद्देश. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारणपणे ०.५% नत्र, ०.२% स्फुरद व ०.५% पालाश असते. म्हणजे हेक्टरी १० टन खतातून सुमारे ५० किलो नत्र जमिनीत जाते. पहिल्या पिकाला त्यातला थोडाच भाग मिळतो, उरलेला पुढे हळूहळू लागू पडतो.

नासाडी सुरू होते ती गोठ्यातच. जनावराने टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपास आणि पालाशाचा बहुतेक भाग मुतात असतो. स्फुरद जवळजवळ सगळे शेणात. आपल्याकडे शेण जपतात, मूत मात्र मातीत मुरू देतात. मुतातल्या युरियाचा शेणाशी संपर्क येताच त्याचा अमोनिया होऊ लागतो आणि तो उडून जातो. उघड्या उकिरड्यातून पावसाळ्यात जो काळपट ओघळ वाहतो, त्यात पालाश व नायट्रेट विरघळलेले असते. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर ते पिण्याच्या पाण्यात उतरते. भारतात पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. स्फुरद तळ्यात गेले की शेवाळ माजते. ओल्या, दबलेल्या ढिगातून मिथेन निघतो. खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो.

उपाय साधे आहेत. गोठ्याची जमीन पक्की व उताराची करून मूत टाकीत घ्यावे. ते न जमल्यास जनावरांच्या पायाखाली कोरडी माती, भुसा किंवा उसाचे पाचट अंथरावे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे विकसित केलेल्या कंपोस्ट पद्धतीत मूत शोषलेली माती वापरली जाई. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ पद्धतीत भोके ठेवलेल्या विटांच्या हौदात सुमारे १०० किलो शेणावर कितीतरी पट काडीकचरा कुजवतात. बायोगॅस संयंत्रात मिथेन इंधन म्हणून वापरला जातो, पण नत्र नष्ट होत नाही. ते संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या मळीत उरते, म्हणून मळीही झाकूनच ठेवावी लागते. धनगरांची मेंढरे शेतात बसवण्याच्या रीतीत लेंड्या आणि मूत थेट रानात पडतात, वाहतूक वाचते.

उन्हाळ्यात शेतात ढीग टाकून ते पावसापर्यंत उघडे ठेवणे ही महाराष्ट्रातली सर्रास सवय नुकसानीची आहे. खत विस्कटले की त्याच दिवशी मातीत मिसळावे.

जनावरे फार आणि जमीन थोडी असेल तिथे खताचेच ओझे होते. युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशाने संवेदनशील क्षेत्रांत जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्राची मर्यादा घातली. शहरांलगतच्या तबेल्यांपुढेही हाच प्रश्न आहे : चारा बाहेरून येतो, शेणाला मात्र स्वतःचे शेत नसते. लहान शेतकऱ्याकडे एकाच कामापुरता पैसा असेल, तर त्याने आधी मूत अडवावे.